एक खोकला म्हणजे हो

...नाही नाही, तुम्ही जा आधी, मांडीवर लेकरू आहे तुमच्या, माझं काय, मला कसली घाई, मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई! अहो, दचकू नका. बसा, बसा खाली. त्या कंपाउंडरला हाक मारू नका, तो आधीच वैतागलाय. मेलोय म्हणजे कागदावर मेलोय. हा बघा हात, लावून बघा, गरम आहे की नाही? मी आहे हो अजून! पण हे तुम्हाला सांगतो, बाहेर बोलू नका, माझ्या नातीचं नुकसान होईल.

नात माझी हुशार. आता प्रत्येक आजोबाला आपली नात हुशार वाटते म्हणा, पण हिला कॉलेजनेही हुशार म्हटलंय, छापून दिलंय तसं. पाण्याचं शिकली. तुम्ही म्हणाल पाण्यात काय शिकायचं, प्यायचं आणि गप्प बसायचं. मीही तेच म्हणालो होतो! तर ती म्हणाली, "आजोबा, पाण्यात काय काय असतं ते कळलं तर तुम्ही पिणार नाही." खिडकीच्या कठड्यावर तिच्या बाटल्यांची ही रांग, कुठल्या कुठल्या विहिरींचं, नळांचं, तळ्यांचं पाणी, प्रत्येकीला चिठ्ठी. मला वाचता येत नाही, एकदा तहान लागली, घेतली एक बाटली, प्यालो. घरात असा गोंधळ! "आजोबा, ते तळ्याचं होतं!" मी म्हटलं, असेल, गोड होतं.

तर शिक्षण झालं आणि सुरू झाली ती इंटर्नशिप. इंटर्नशिप म्हणजे काय, ठाऊक आहे? मला नव्हतं. मी आयुष्यभर रंगारी, भिंती रंगवल्या, संध्याकाळी मजुरी हातात. मी विचारलं, "पगार किती?" तर म्हणाली, "पगार नाही आजोबा, अनुभव मिळतो." अहो, अनुभव! अनुभव काय पोळीला लावून खायचाय? एका ठिकाणी ती सकाळी जायची, अंधार पडल्यावर यायची, तिथे तिला खुर्चीसुद्धा नव्हती, जो कोणी सुट्टीवर असेल त्याच्या खुर्चीत बसायचं, आणि सगळे हजर असले की उभं राहायचं. शेवटी दिलं काय, तर प्रमाणपत्र. त्यावर हिचं नाव चुकलेलं!

मग निघाली ती फेलोशिप. ही मात्र खरी. दोन वर्षं गावोगावचं पाणी तपासायचं, राहायला खोली, वर महिन्याला मानधन. नात अर्ज करत गेली, नकार येत गेले. फार वाईट हो, नकार. ओरडत नाहीत ते. "आम्हाला कळवण्यास खेद होतो." मी म्हटलं, खेद होतो तर देऊन टाका ना! पोरगी जेवेना, बोलेना, बाटल्यांकडे बघत बसायची. तिची आई, म्हणजे आमची सूनबाई, मला खूण करायची, बाबा, तुम्ही बोला. मी काय बोलणार? मी रंगारी, मला थांबणं येतं. पहिला हात वाळू द्यायचा, मग दुसरा.

एक दिवस तिची ती चष्मेवाली मैत्रीण आली. तिला मिळालेली होती फेलोशिप. हिचा अर्ज वाचला आणि नाक वर करून म्हणते कशी, "अगं, तुझ्या गोष्टीत कोणी मरतच नाही! निबंधात त्यांना हवाय तुझ्या आयुष्यातला आघात, आणि तू लिहिलंयस बारावीला गणितात कमी मार्क!" 

झालं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तुम्हाला सांगतो, त्या बघण्यात एक मोजमाप होतं! आई नको, डबा कोण देणार. बाप नको, त्याच्या सह्या लागतात अर्जावर. आणि मग सगळ्यांचे डोळे हळूहळू फिरत फिरत... कोपऱ्यात. कोपऱ्यात मी चहा पीत होतो. माझी सही कुठेच लागत नाही.

"बाबा, मनाला लावून घेऊ नका," सूनबाई म्हणाली, "कागदापुरतंच." मी म्हटलं, "चहा संपवू का आधी?"

तर असा मी मेलो. दूषित पाण्याने! आणि अर्जातला तो निबंध ती रोज मोठ्याने म्हणून बघायची, दार लावून. मी बाहेरून ऐकायचो. अहो, काय आजोबा होता तो! नातीला खांद्यावर घेऊन विहिरीत चंद्र दाखवायचा. मी कधी दाखवला? मरताना म्हणाला, "पाणी जप गं बाळ." मी असलं काही बोलतो का? मी फार तर म्हणेन, दार लावून घे. पण खरं सांगू, अंगावर काटा यायचा. कारण म्हणता म्हणता ती रडायची. खरं रडायची! मी दाराशी उभा, धडधाकट, आणि आत माझ्यासाठी रडणं चाललंय. आपल्या मरणाचं रडणं कोणी ऐकलंय का? तुम्ही ऐकलंय? माणसाने ऐकू नये हो ते. वाटलं आत जावं, डोक्यावर हात ठेवावा, म्हणावं, बाळा, मी आहे हो अजून. पण गेलो नाही. म्हटलं आत्ताच पाठ होतंय, विसरेल.

आणि त्या निबंधात शेवटी एक वाक्य होतं. शोभेचं वाक्य, बरं का. "आजही दुपारी घर शांत असलं की मला त्यांचा खोकला ऐकू येतो." मरण उसनं, पण खोकला माझा! आयुष्यभर भिंती घासल्या, चुन्याची धूळ छातीत बसली, तो हा खोकला. त्या एका वाक्याने घात केला बघा.

नाही हो कंपाउंडर, यांना पाठवा आधी, यांचा पाय दुखतोय. मला घाई नाही.

तर मुलाखत आली. कॉम्प्युटरवर. ती इकडे टेबलाशी, तिकडे पडद्यावर तिघं: एक मॅडम, वयाने पोक्त, एक टकलू साहेब, आणि एक जण नुसता मान हलवणारा. घर एका खोलीचं म्हणा ना, बाहेर रणरणतं ऊन, मला कुठे ठेवणार? तिच्या खुर्चीमागेच, कपाटाशेजारी, कपडे टांगायची माणूसभर कोनाडी आहे, तिला पडदा. तिच्यात मला उभं केलं. सूनबाई म्हणते, "बाबा, जरा हळू श्वास घ्या हं." आता श्वासही हळू! मेलेल्या माणसाला किती नियम!

सगळं छान चाललं होतं. पोरगी पाण्यातलं काय काय सांगत होती, साहेब हं हं करत होते. मग मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आजोबांबद्दल वाचलं. सांगाल का?" आणि ती सांगायला लागली, विहीर, चंद्र... आणि इथे माझ्या घशात सुरू झालं. तुम्हाला खोकला आहे, तुम्हाला कळेल. मुंगी चालल्यासारखं. मी गिळलं. परत गिळलं. देवाचं नाव घेतलं. आणि नेमकी ती त्या वाक्याशी आली, "आजही घर शांत असलं की मला त्यांचा..." खॉक्!

तिकडे तिघं गोठले. मान हलवणाऱ्याची मान थांबली.

"कोण आहे तिथे?" टकलू साहेब.

पोरगी पांढरीफटक. डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती रडली भीतीने हो, त्यांना वाटलं दुःखाने! आणि मॅडम एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "आजोबा... तुम्ही आहात का तिथे?"

आता तुम्हीच सांगा. एवढ्या मोठ्या बाईने एवढ्या मानाने हाक मारली, तर माणसाने गप्प बसायचं? मला तशी सवय नाही. खोकलो. एकदा.

टकलू साहेब शास्त्रातला माणूस, पण खुर्चीवरून उठला. म्हणतो, "होय असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा! मुलीचं काम तुम्हाला पसंत आहे?" मी एकदा. अहो, नातीच्या कामाला मी नाही कशाला म्हणू?

मग मात्र जे झालं ते मला आजही सोडत नाही. त्या मॅडमनी चष्मा काढला. आवाज असा, लहान पोरीसारखा. म्हणाल्या, "माझ्या वडिलांनाही असाच खोकला होता. ते... ते तिकडे बरे आहेत का?"

आणि तुम्हाला सांगतो, खोकला गेला. गायब! इतका वेळ नको तेव्हा येत होता, आणि आता हवा तर घसा कोरडा ठणठणीत. ती बाई वाट बघतेय. पोरगी वाट बघतेय. मी पडद्याआड, सूनबाईच्या साड्यांत तोंड, आणि माझ्या डोक्यात एकच, मला काय माहीत हो बाई तुमचे वडील कसे आहेत, मी अजून गेलोच नाही तिकडे! पण गप्प राहिलो तर तिला काय वाटेल? जोर लावला, चुन्याची धूळ आठवली, छाती दाबली... आणि आला. एक. आणि देवा रे, त्याच्यामागे दुसरा निघाला!

दोन म्हणजे नाही! दोन म्हणजे तिचे वडील बरे नाहीत! मी साडीचा पदर तोंडात कोंबला, अख्खा, डोळे बाहेर यायला लागले, कानात घंटा. पडद्याबाहेर आवाज येतोय, मॅडम रडतायत, हसतायत, आभार मानतायत, आणि आत मी खरोखरचा मरतोय. पण दुसरा सोडला नाही. गिळला.

कॉम्प्युटर बंद झाला आणि पोरीने पडदा ओढला, पदर खेचून काढला, मला घट्ट धरलं. "आजोबा! बोला ना, बरे आहात ना?" मी एकदा खोकलो.

फेलोशिप मिळाली. न मिळून सांगते कुणाला!

तिला न्यायला मॅडम स्वतः आल्या. गाडी घेऊन, न कळवता. मला परत कोनाडीत ढकललं. सगळ्यांनी पोरीला निरोप दिला, मी पडद्याआड. मग मॅडम पडद्यापाशी आल्या. पडद्यावर हात ठेवला, इथे, माझ्या नाकासमोर. थोडा वेळ उभ्या राहिल्या. कळलं असेल का हो त्यांना? ऊब लागली असेल ना हाताला? "येते मी," एवढंच म्हणाल्या. जिवंत माणसाला म्हणतात तसं.

आता घर शांत. खिडकीच्या कठड्यावर बाटल्यांचे गोल राहिलेत, बाकी रंग उडालाय आणि गोलांत जुना रंग ताजा. मला एका हाताचं काम आहे ते. करत नाही. दुपारी कोणी नसलं की मी त्या कोनाडीपाशी जातो आणि आमच्या हिला विचारतो, ती जाऊन बरीच वर्षं झाली, म्हटलं, असशील तर एकदा खोक. काही येत नाही. तिला खोकला नव्हताच म्हणा कधी.

आणि अधूनमधून फोन येतो. नातीचा. "आई, मॅडम शेजारी आहेत, फोन पडद्यापाशी धर ना." सूनबाई धरते. तिकडून तो हळू आवाज, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" मला हल्ली बाबाच म्हणतात त्या, त्यांचे वडील मीच झालोय की मी त्यांचा निरोप्या, कोण जाणे. मी खोकतो. एकदा. फोन बंद. म्हणजे बघा, या वयात मीच लागलो इंटर्नशिपला! भूत म्हणून शिकाऊ. पगार नाही, अनुभव मिळतो.

काय म्हणता कंपाउंडर? सगळे झाले? यांच्यानंतर मीच उरलो? आत डॉक्टर थांबलेत? अहो, सूनबाईने पाठवलं म्हणून येऊन बसतो मी रोज, तिच्या जिवाला घोर लागलाय माझ्या छातीचा. त्यांना म्हणावं, तुमचं औषध फार चांगलं आहे असं ऐकलंय, चार दिवसांत खोकला साफ जातो... म्हणून तर भीती वाटते. मी आहे हो अजून, पण हा खोकला गेला, की मी मेलोच!