अर्ध्या तिकिटाची इंदुमती

या, या, पुढे सरका मंडळी! ज्यांना मांडी घालून बसवत नाही त्यांनी खुशाल खांबाला टेका. देव रागावत नाही, रागावलाच तर माझं नाव सांगा!

आज एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नको. माणूस स्वस्तात प्रवास करतो. चांगली गोष्ट! उधळपट्टी करून देवदर्शनाला जा, असं कुठल्याच देवानं सांगितलेलं नाही. पण जे वाचलं, ते कुणाच्या वाट्याचं वाचलं? हे कधी पाहिलंत? नाही ना? मग ऐका.

बार्शीत भगवंत नकाते म्हणून एक गृहस्थ. आडत बाजारात चाळीस वर्षं मापाडी! पोतं नुसतं हलवून सांगायचे, यात दाणा किती आणि माती किती. वय शहात्तर. म्हणजे काय? एसटी फुकट! पंचाहत्तरी झाली की सरकार म्हणतं, बसा आजोबा, तिकीट नको. पत्नी इंदुमती सत्तर वर्षांच्या. त्यांना अर्धं तिकीट.

इंदुमतीबाईंनी जन्मात एक गोष्ट मागितली. "अहो, मला एकदा समुद्र दाखवा. हरिहरेश्वराला जाऊ. देवही होईल, समुद्रही होईल."

दहा वर्षं मागत होत्या. यंदा वैशाखात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, नजर कमी होत जाईल. घरी आल्यावर भगवंतरावांनी विचारलं, "आत्ता दिसतंय ना तुला?"

"दिसतंय की," बाई म्हणाल्या.

"मग झालं तर!"

झालं तर! मंडळी, हे दोन शब्द संसारात फार धोक्याचे बरं का!

पण गडी निघाला. पिशवीत दशम्या, शेंगांची चटणी, दोन चादरी आणि एक वही. वहीत काय? जिथं दुपारी महाप्रसाद मिळतो ते मठ, जिथं झोपायला पैसे पडत नाहीत त्या धर्मशाळा! हरिहरेश्वर राहिलं पश्चिमेला, आणि हे निघाले दक्षिणेला! का? तर तिकडच्या मठात जेवण चांगलं असतं! हसताय? पहिल्या रांगेतल्या काका, तुम्ही जरा कमी हसा, तुमची वही मी पाहिली आहे!

दोन दिवस गेले. चार गाड्या बदलल्या. निमआराम गाडी समोर उभी असली तरी भगवंतराव म्हणायचे, "थांब, मागनं साधी येतीय." आणि बाई थांबायच्या. उन्हात, पिशवीवर बसून. कुठल्या फलाटावर किती वेळ, ते त्यांनाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरचं स्टँड. भगवंतराव साध्या गाडीची चौकशी करायला खिडकीशी गेले, येताना नळावर बाटली भरली, परत आले, तर बाकावर पिशवी आहे आणि बाई नाहीत!

शेजारी पेरूवाली बसलेली. "आजोबा, कुणाला हुडकताय? आजी गेल्या की!"

"गेल्या? कुठं गेल्या?"

"पुण्याच्या गाडीत बसल्या. म्हणाल्या, आमचे हे आले की सांगा, मी हरिहरेश्वराला जाते, तुम्ही या सावकाश."

भगवंतरावांना काही उमजेना. भांडण नाही, तंटा नाही! काल तर तिनं दशमी मोडून हातात दिली होती! ते पेरूवालीलाच विचारू लागले, "रागावली होती का?"

"न्हाई ओ. हसत व्हत्या."

"मग पळवलं का कुणी?"

"सत्तर वर्षांच्या बाईला कोण पळवतंय? मलाच म्हणाल्या, बाई, ती पाटी वाचून दाखव. मीच बसवून दिलं, कंडक्टरला सांगून. त्यांना दिसत न्हाई ना."

"दिसत नाही? कोण म्हणतं? घरी रोज तांदूळ निवडते!"

पेरूवालीनं तराजू खाली ठेवला. "हातानं निवडत असतील, आजोबा."

मंडळी... चाळीस वर्षं पोत्यातली माती ओळखणारा माणूस, आणि घरातलं हे त्याला ठाऊक नाही! हातानं निवडत असतील. मग भाकरी? मग सुईत दोरा? गेल्या महिन्यात ती म्हणाली होती, दोरा तुम्हीच ओवा, माझा हात थरथरतो. हात थरथरत होता की...? आणि डॉक्टरांकडनं आल्यावर "दिसतंय की" म्हणाली, ते का म्हणाली? एकेक आठवायला लागलं, आणि एकही धड जुळेना.

मुलाला फोन लावायला मोबाइल काढला. पण सांगायचं काय? तुझी आई हरवली म्हणून? हरवली कुठं होती! ती निरोप ठेवून गेली होती. हरवल्यासारखे तर हेच उभे होते! मोबाइल परत खिशात.

तेवढ्यात पुण्याची निमआराम गाडी लागली. भगवंतराव चढले. कंडक्टरनं ओळखपत्र पाहिलं, शून्याचं तिकीट फाडलं आणि विचारलं, "एकटेच का, बाबा?"

भगवंतराव पिशवी सावरत आत सरकले. गादीच्या जागेवर बसले आणि एकदम लक्षात आलं. अरे, ही गाडीही मला फुकटच की! मग तीन दिवस आपण साध्या गाडीच्या मागं का धावत होतो? कुणाचं वाचवत होतो? दोघांच्या गाडीभाड्यात खर्च होता तो एकटीचाच! तिचं अर्धं तिकीट. आणि त्यापायी उन्हात बसली तीही तीच.

दुपारी स्वारगेटला पोचेपर्यंत हरिहरेश्वरची त्या दिवसाची शेवटची गाडी गेलेली. रात्र बाकावर निघाली. सकाळच्या गाडीनं घाट उतरून दुपारी हरिहरेश्वर. देवळाशी येईल-जाईल त्याला विचारतात, "एक बाई आल्यात का? एकट्या? हिरवं लुगडं?"

गुरुजी म्हणाले, "तोडणकर काकू राहायला खोली देतात, त्यांच्याकडे उतरल्यात. पण आत्ता खाली पाण्याजवळ असतील."

वाळूत चपला हातात घेऊन इंदुमतीबाई उभ्या. भगवंतराव धापा टाकत मागं जाऊन थांबले. ओठांवर दहा प्रश्न, आणि निघाला कुठला?

"जेवलीस का?"

बाई वळल्या. "आलात? जेवले की. काकूंनी सोलकढी दिली. खर्चाला माझ्या सोन्याच्या बांगड्यांतली एक मोडली हो. तुम्हाला विचारलं नाही."

"ते राहू दे. अगं, पण अशी गेलीस का? काय चुकलं माझं?"

"चुकलं कुठं? तुम्ही आणणारच होता." त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुमच्याजवळ वेळ होता, माझ्याजवळ नव्हता. रोज सकाळी उठले की आदल्या दिवसापेक्षा कमी दिसतं. मी काय साध्या गाडीची वाट बघत बसू?"

"मला बोलायचं होतंस!"

"मग मी दहा वर्षं काय करत होते?"

भगवंतराव तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. मग हळूच विचारलं, "दिसला का समुद्र?"

"काल उन्हं उतरताना आले. चकाकी दिसली. आभाळ कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं, ते नाही कळलं. तुम्हाला कळतंय का?"

भगवंतरावांनी समोर पाहिलं. डोळ्यांत पाणी भरलेलं, त्यांनाही धड काही दिसेना. "नाही कळत," ते म्हणाले. खरंच सांगितलं त्यांनी. मग तिचा हात धरला आणि दोघं घोट्याएवढ्या लाटेत जाऊन उभे राहिले.

ते दोघं तिथं आठ दिवस राहिले. खाटेवर झोपून, काकूंच्या हातचं जेवून. त्या गृहस्थाला सगळं उमजलं का? मला नाही वाटत. परवा भेटले, म्हणाले, "बुवा, ती हसत का गेली, ते अजून कळत नाही." मी म्हटलं, रोज विचारत चला. तिला विचारा, मला नको!

आणि मंडळी, तुम्हीही काटकसर करा. जरूर करा! साधी गाडी धरा, दशम्या बांधा, धर्मशाळेत उतरा. पण तुमच्या स्वस्ताईसाठी उन्हात कोण बसलंय, हे एकदा वळून बघा. "चालेल की" म्हणणाऱ्या माणसाला खरंच चालतंय का, ते विचारा.

आता गजर करायचा आहे. टाळ घ्या हातात. पण थांबा! त्याआधी आपापल्या शेजारी बघा. घरातलं जे कुणी बसलंय, त्याला विचारा, तुला कुठं जायचंय? विचारा, विचारा! मी थांबतो. मृदंगबुवा, तुम्हीही थांबा. उत्तर ऐकून झालं, की मगच देवाचं नाव घेऊ.