जोत्यातली मोरी

आदरणीय अध्यक्ष सुभाषराव, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती तुकाबाई, आणि आणे पठारावरून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बाईंनी आपलं महादेवाचं देऊळ बत्तीस वर्षं झाडलं, धुतलं. उद्या त्या निमगाव सावाला लेकीकडे, नंदाकडे, निघाल्या आहेत. जीर्णोद्धार समितीचा प्रमुख म्हणून मी चार कौतुकाचे शब्द बोलावेत असं ठरलं होतं. लिहूनही आणलेत. ते खिशातच राहू देत. सुभाषराव, दोन मिनिटं जास्त लागतील.

चुन्याचा कण न वापरता, दगडात दगड बसवून आठशे वर्षांपूर्वी उभारलेलं हे देऊळ. मंडपाच्या खांबावर पायातला काटा काढणारी ती सुंदरी आठवते ना? टाचेवर दाबलेलं बोटसुद्धा कोरलं होतं हो! श्रावणापर्यंत होती.

उन्हाळ्यात आपण इंजिनियर नेमून देवळाभोवती चकचकीत फरशी बसवली. जोत्यातली पाणी जायची मोरी आड येत होती. बाई म्हणाल्या, "भाऊ, ती बुजवू नका. आतलं समदं पानी तिथनंच जातं."

मी हसलो. "इंजिनियर तुम्ही का तो?"

मोरी बुजवली.

पावसाळ्यात पाणी देवळाच्या पायात मुरलं, सुंदरीचा खांब कलला. श्रावणी सोमवारी आरतीला तीसेक बायका मंडपात होत्या. माझी सून वृषाली त्यांच्यातच, सहा महिन्यांची पोटुशी. वरून बारीक कपच्या पडताना बाईंनी पाहिल्या आणि घंटा बडवत ओरडल्या, "भाईर व्हा! आरती ऱ्हाऊ द्या!" शेवटची बाई पायरी उतरली आणि तुळई कोसळली. सुंदरीचे तीन तुकडे झाले.

चौकशीला सरकारी साहेब आले. मी काय सांगितलं? "म्हातारी रोज बादल्या ओतते, त्यानं पाया खचला." बाई पलीकडेच उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी देवळाची पायरी चढलेली नाही. लेकीची आठवण येते म्हणून त्या चालल्यात, असं खरंच वाटतं तुम्हाला?

काल त्यांच्या घरी जाऊन विचारलं, "तेव्हा गप्प का राहिलात?"

म्हणाल्या, "तुमच्या म्होरं माझं आधी कधी कुनी ऐकलं व्हतं का?"

आज सकाळी साहेबांकडे खरा जबाब लिहून, सही करून दिलाय. समितीचं पदही सोडलंय.

आपण शांतपणे ऐकलंत, अध्यक्षांनी वेळ दिला, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. जे केलं त्याची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. ती मागायला बाईंच्या खुर्चीपाशी जातोय.