मालकांचा एक्सरे

माझं नाव मंदा, माहेर अकलोलीच्या अलीकडं, गरम पाण्याच्या कुंडांपास्नं चालत अर्ध्या तासावर. शेती नावापुरती, बाप दुसऱ्याच्या खाचरात राबायचा, आई गवत विकायची. लग्न झालं तवा मालक भिवंडीत लूमवर व्हते, मी आले ती सरळ कारखान्याच्या मागच्या खोलीत. काय सांगू तुम्हाला, पहिले दिवस मला कायच ऐकू येईना, लूमचा खडखडाट असा का माणूस तोंड हलवतोय तेवढंच दिसायचं. मालक हातवारे करून बोलायचे, जेवलीस का, झोप आता, तेच आमचं नव्या नवराबायकोचं बोलणं.

मग मीपण कांडी भरायला बसले. कांडी म्हंजे सूत गुंडाळायची नळी, ती धोट्यात बसते आन धोटा इकडून तिकडं पळतो, तवा कपडा व्हतो. बसून काम, पण रुई अशी उडायची का ड्युटी सुटेस्तोवर बायांच्या भुवया पांढऱ्या. आम्ही हसायचो एकमेकींना, म्हातारी झाली गं तू. तोंडाला फडकं बांधलं तर जीव गुदमरायचा, म्हणून कोण बांधत न्हाय. सव्वीस वर्षं काढली मी त्याच्यात.

आता दोन वर्षं झाली, दम लागतो. जिना चढले का मधीच बसावं लागतं. नाक्यावरच्या डॉक्टरनं औषधं बदलून बदलून बघितली, शेवटी म्हणाला, मावशी, आता फुप्फुसाच्या डॉक्टरला दाखवा, ठाण्याला. सुषमा माझी एकुलती एक पोरगी, मेडिकलच्या दुकानात काम करते, तिनं फोन करून नंबर लावला. तिथनं सांगितलं, जुने एक्सरे आणा, चालू गोळ्या आणा, काम काय केलं, किती वर्षं, खोकला कधीपास्नं, घरात कोणाला छातीचा आजार व्हता का, सगळं लिहून आणा.

रविवारी ती वही घेऊन बसली. ती विचारी, मी सांगी. घरात कोणाला, असं विचारलं आन ती थांबली. मी म्हटलं, लिही, तुझ्या बापाला टीबी.

मालक खोकायला लागले तवा सुषमा सात वर्षांची. टीबी हाय म्हणून गोळ्या चालू झाल्या. शेजारणी म्हणाल्या, पोरगीला जपा. मी मालकांचं ताट वेगळं केलं, कप वेगळा केला, अंथरूण बाहेर ओट्यावर टाकलं. त्यांनी एका शब्दानं म्हटलं न्हाय का असं का करतेस. उलट पोरगी दारात गेली का तेच हात हलवून मागं सरकवायचे. ओट्यावरनं पाढे म्हणून घ्यायचे तिच्याकडनं. ती आतनं म्हणायची, तेरा एके तेरा, ते बाहेरनं चुकलं ते सांगायचे, मधी खोकला आला का ती थांबून राहायची. सगळ्या गोळ्या खाल्ल्या त्यांनी, एक दिवस चुकवला न्हाय, पण फरक असा कायच पडला न्हाय. एकदा मला म्हणाले, मंदे, एकदा तिला मांडीवर बसव ना माझ्या. मी म्हटलं, बरं झाल्यावर. ते बरे झाले न्हायत.

त्यांचे कागद, एक्सरे मी पेटीत ठेवले व्हते, फेकवले न्हायत. सुषमा म्हणाली, काढ, तेपण नेऊ. ती वाचायला लागली आन तिचा चेहरा बदलला. दोन कागद तिनं परत परत वाचले. म्हटलं, काय गं? म्हणाली, आई, बाबांची थुंकी दोनदा तपासलेली, दोन्ही वेळेला जंतू न्हाय निघाले. असं असतं कधी, जंतू न्हाय मिळत तरी टीबी असतो. पण गोळ्यांनी फरकच पडला न्हाय ना, आन बाबापण तुझ्यासारखे लूमवरच, रुईतच व्हते.

मी उठले, मोरीत गेले, नळ सोडून बसले. बऱ्याच वेळानं ती आली, नळ बंद केला, म्हणाली, आई, तुला काय ठाऊक व्हतं. एवढंच म्हणाली. राग न्हाय केला तिनं. राग केला असता तर बरं झालं असतं.

उद्या अकराला नंबर हाय. पिशवीत माझा एक्सरे हाय, त्यांचा पण हाय. मी तिला सांगितलं, पहिला त्यांचा दाखवायचा, माझा मागनं. ती म्हणाली, गेलेल्या माणसाचा कोण बघंल? मी म्हटलं, मी विचारीन, हात जोडून विचारीन. मला माझ्या दुखण्याची भीती न्हाय, जे निघंल ते निघंल, गोळ्या देतील त्या खाईन. पण डॉक्टरनं जर सांगितलं का बाई, ते कोणाला लागणारं न्हवतंच, तर मी तिथनं पोरगीसोबत घरी कशी येऊ, तेवढं मला समजंना.

तुम्ही बसून ऐकलंत, बरं वाटलं. सुखी राव्हा. घरात कोण आजारी असंल तर डॉक्टरला नीट विचारा, आन मग त्याच्या जवळ जाऊन बसा.