उत्तर न देणाऱ्यांची यादी

ताई: (फोनवर) ...आणि खाली काय लिहिलंय, ऐक. "आपण लग्नाला येऊ शकत नाही हे कळलं. आम्ही समजू शकतो." समजू शकतो म्हणे! मी येणार नाही असं कधी म्हटलं गं?

धाकटी: ताई, तो मेसेज मी नाही पाठवला.

ताई: मग कुणी, होणाऱ्या नवऱ्याने? लग्नाआधीच मेव्हणीला कटवलं?

धाकटी: वेबसाइटने पाठवला, आपोआप. पाहुण्यांसाठी छोटीशी केलीय ना मी.

ताई: सख्ख्या बहिणीला वेबसाइटकरवी निरोप. छान! पुढे ऐक. "मुक्काम: नाही. गाडी हवी: नाही. जिने चढता येतात: नाही." अगं, तिसऱ्या मजल्यावर राहते मी! रोज दोनदा चढते, भाजीची पिशवी घेऊन!

धाकटी: ऐक तरी. ऑफिसात मी एक साचा लिहून ठेवलाय. डेटाबेसमध्ये हो-नाहीचे रकाने असतात, पैशाला पासरी. प्रत्येकासाठी तेच तेच कोण लिहिणार? म्हणून एकदाच लिहिलं. नवा रकाना आला की एक ओळ टाकायची, साचा लागला. बटण तयार, 'हो'वाल्यांची यादी तयार, 'नाही'वाल्यांची तयार, दोघांना जाणारे मेसेजही तयार. तोच घरी आणून लावला.

ताई: एकाच मापावर अख्खं घर शिवून काढलंस म्हण की.

धाकटी: ऑफिसात बावीस ठिकाणी लावलाय. दोन वर्षांत एकदाही चुकला नाही.

ताई: चुकला नाही, की कुणी फोन केला नाही?

धाकटी: ...तेही खरंय.

ताई: बरं, मी तर उत्तरच दिलं नव्हतं. मग माझं 'नाही' आलं कुठून?

धाकटी: तिथेच गफलत झाली. रकाना रिकामा असला की साचा 'नाही' धरतो. मीच तसं लिहिलंय.

ताई: का पण?

धाकटी: सोपं पडतं. नाहीतर तिसरी यादी करावी लागते, उत्तर न देणाऱ्यांची. त्यांना पुन्हा पुन्हा कोण विचारत बसणार?

ताई: मी त्याच यादीत होते. कुणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

धाकटी: सहा आठवडे, ताई! सहा आठवडे तू हूं की चूं केलं नाहीस.

ताई: विचार करत होते.

धाकटी: कसला एवढा?

ताई: पन्नाशीला आलीस. एकदा हात पोळलेत. आता हा लिफ्ट दुरुस्त करणारा. चांगला असेलही, मला काय माहीत? मला कुणी विचारलं? परस्पर तारीख ठरवून मोकळी झालीस.

धाकटी: मागच्या वेळी तू ठरवलंस. तेव्हा मला कुणी विचारलं होतं?

ताई: विचारलं होतं. बाबांसमोर, मीच विचारलं होतं. तू खाली मान घालून बसलीस.

धाकटी: गप्प बसले होते.

ताई: म्हणजे हो.

धाकटी: असं मी म्हटलं?

ताई: तसंच धरतात गं.

धाकटी: मग झालं तर. माझा साचा गप्प माणसाचं 'नाही' धरतो, तुझा 'हो' धरायचा. माझ्यामुळे तुझी एक सकाळ गेली. तुझ्यामुळे माझी नऊ वर्षं गेली.

(फोनमधून फक्त कीबोर्डची टकटक ऐकू येते.)

ताई: ठमे, आहेस ना?

धाकटी: आहे. बोलायला नको होतं मी.

ताई: हवंच होतं. फक्त सत्तावीस वर्षं उशीर केलास.

धाकटी: तेवढ्यात इकडे बदललंय मी. आता रिकामं ते रिकामंच राहतं. तुझ्या नावापुढे काहीच दिसत नाहीये.

ताई: ऑफिसातलंही बदल. तिथली माणसं काही तुझी बहीण नाहीत, फोन करून भांडायला.

धाकटी: सोमवारी बदलते. बावीस ठिकाणच्या शिव्या खाव्या लागतील.

ताई: खा की. घरी बसून पुस्तकं वाचून एवढं कॉम्प्युटरचं शिकलीस, शिव्या काय अवघड आहेत?

धाकटी: तू शिकवशील म्हणा.

ताई: एक विचारू? खरं सांग हं. तुला तो आवडतो?

धाकटी: हो.

ताई: आणि तेव्हा असं विचारलं असतं तर? बाबांसमोर नाही. आत, स्वयंपाकघरात, आपण दोघीच असताना?

धाकटी: काय माहीत गं. कदाचित तिथेही गप्पच बसले असते.

ताई: मग मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

धाकटी: ताई, जाऊ दे आता.

ताई: नोंदणी कार्यालयात किती वाजता पोचायचंय?

धाकटी: गुरुवारी, अकराला.

ताई: मग नऊला तुझ्याकडे येते. मागचे केस तुला अजून धड बांधता येत नाहीत.