कोर्ट जागेवर नव्हतं

मी मूळचा काटोलाकडचा. बाप दुसऱ्याच्या वावरात राबे, मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो, एक दिवस मास्तरनं कान पिळला तर दप्तर तिथीच टाकलं आन नागपूरले आलो, तेव्हापासून नागपूरच. उभी जिंदगी सायकल रिक्षा चालवली. गांधीबागेतले कपडेवाले, इतवारीतल्या बोळी, जरीपटक्याचा बाजार, कोणत्या गल्लीत रिक्षा वळते आन कुठून उलटी ओढत आणा लागते, सगळं माह्या पायाले माहीत. काय सांगू तुम्हाले, मी कोणाले पत्ता विचारला नाही कधी. आमच्या स्टँडवर रीतच होती, सवारीनं ठिकाण बोललं का पायडल मारायचं, रस्त्यात उतरून पानठेल्यावर जो विचारे त्याले बाकीचे पाव्हणा म्हणत, ये गा पाव्हण्या, कधी आला नागपूरले. मले कोणी पाव्हणा म्हटलं नाही.

घर हुडकेश्वरले. तेव्हा तिथी तुरीचे वावरं होते, कोल्हे ओरडत. मी जागा घेतली, रजिस्ट्री केली, विटा माह्याच रिक्षात वाहून आणल्या आन दोन खोल्या उभ्या केल्या. लोक म्हणत भैताड आहे, जंगलात घर बांधते. आता डांबरी रोड आला, दुकानं आली, जागेले भाव आला, आन भाव आला तसे मालकही उगवले. मागच्या उन्हाळ्यात कोर्टाचा माणूस दाराले कागद चिकटवून गेला. सुनेनं वाचून दाखवला. कोणी एक जण म्हणे ही जागा आमची आहे, बुढ्यानं कब्जा करून ठेवला, घर खाली करून द्या. मी त्याले कधी पाह्यलं नाही, त्यानं मले पाह्यलं नाही, आन माह्या घरातून मलेच काढून राहिला.

बुढीनं त्या दिवशी भिंतीवरचे फोटो उतरवले. देवाचे, माह्या बापाचा, पोराच्या लग्नाचा, सगळे जुन्या लुगड्यात गुंडाळले. काहून वं, म्हटलं. म्हणे पुसायले काढले. पुसले नाही तिनं. गाठोडं बांधून दाराजवळ ठेवून देल्लं. मीही मंग विचारलं नाही. फाटक वाजलं का दोघंबी एकमेकाच्या तोंडाकडे पाहो.

वकीलबाई सुनेच्या ओळखीच्या, चांगल्या बाई. त्याईनं आमचा जबाब लिहून देल्ला, सह्या घेतल्या, आन समजावून सांगितलं, बाबा, हा मुदतीच्या आत कोर्टात पोचला पाहिजे, नाही पोचला तर तुमचं न ऐकता निकाल लागू शकते. न ऐकता. हे दोन शब्द माह्या डोकशात असे बसले का जेवताना आठवत, आंघोळ करताना आठवत. नेमका शेवटचा दिवस आला आन बाईच्या वडलाले वर्ध्याले दवाखान्यात भरती केलं. सकाळीच त्याईचा फोन, बाबा, कागद घरी पाठवले आहेत, तुम्हीच नेऊन द्या, आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, आन ऐका, आपलं कोर्ट आता... मी म्हटलं बाई, तुम्ही वडलाकडे पाहा. मले कोर्टाचा पत्ता सांगता काय, तुमच्यासारखे कितीक वकील मी त्या फाटकावर उतरवले. आन फोन ठेवला.

पोरगा कामावर गेला होता. सून म्हणे मामाजी, मी येते संगं, त्या काहीतरी सांगून राहिल्या होत्या. म्हटलं तू पोळ्या कर. म्हणे परत लावून पाहू का फोन? म्हटलं नागपूर मले आता फोन दाखवन का? ती हसली, पण तिच्या डोळ्यात हसू नव्हतं.

सिव्हिल लाइन्सले गेलो. फाटक तेच, झाडं तेच. पण काय आहे, मी फाटकापर्यंतचाच माणूस, आत सवारी जाये, मी बाहेर बिडी फुको. आत गेलो तं जिने आन वऱ्हांडे आन काळे कोट. कागदावर मोठ्या आकड्यात लिहिलेला कोर्टाचा नंबर पाहत पाहत ते दार शोधलं. दाराले कुलूप. म्हटलं जेवायची सुट्टी असन. बसलो बाकावर. दारावर एक कागद लावला होता, बारीक अक्षर, चष्मा घरी. कोणाले विचारावं तं जीभ उचलेना. बसलो, बसलो, लोक जेवून परत आले, ऊन सरकलं, कुलूप तसंच.

झाडूवाली बाई येऊन म्हणे आजोबा, कोणाची वाट पाहून राहिले? हे कोर्ट तं इथून हललं, दुरुस्ती निघाली, दुसऱ्या बिल्डिंगीत नेलं.

कोर्ट हलते? घर हलत नाही, देऊळ हलत नाही, कोर्ट कसं हलते? तिनं सांगितलं मेट्रोच्या टेशनाच्या अलीकडे, मोठ्या मोबाइलच्या दुकानाच्या मागं. मले एकही खूण समजली नाही. म्हटलं तिथी आधी काय होतं? म्हणे मले काय माहीत बाबा, मी तं आत्ता लागली कामाले. वकीलबाईले फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. सुनेले लावू म्हटलं, तं तोंड कुठी होतं माह्याजवळ.

ऑटो केला. उभ्या जिंदगीत मी सवारी म्हणून बसलो नव्हतो. ऑटोवाला पोट्टा म्हणे, हां चाचा, पत्ता बोला. मी कागद उलटेपालटे केले. म्हणे अरे चाचा, पत्ता बोलो, सवारी हो या मेहमान? आता काय बोलू? माह्या रिक्षात असे बसत, पत्ता माहीत नसलेले, त्याईले मी किती टोचून बोलो, घरून निघताना डोकं घरीच ठेवलं का म्हणून. म्हटलं कोर्ट. म्हणे कोर्टाच्या फाटकात तं उभे आहे तुम्ही! म्हटलं हे नाही, जे हललं ते. तो हसला, पण माह्या हातातले कागद पाह्यले आन ऑटो सुरू केला.

दोनदा त्या रोडवरून गेलो, दोनदा चुकलो. पोट्टा एकाले विचारे, तो दुसरीकडे दाखवे. मनात एकच, कागद घ्यायची खिडकी बंद होईन, बुढी गाठोडं उचलन. मंग मीच मान बाहेर काढली आन रोडवर संत्री विकून राहिली होती त्या बाईले ओरडून विचारलं, बाई, कोर्ट कुठी आहे वं? ती म्हणे कोणतं कोर्ट, बाबा? मले नंबर आठवेना, नाव आठवेना. म्हटलं माह्या घराचं.

ती हसली नाही. हातातलं संत्रं तसंच उचलून दाखवलं, म्हणे ते काळे कोट उतरून राहिले ना, त्या गल्लीत, जा लवकर.

खिडकीतला बाबू टेबल आवरत होता. मी कागद आत सरकवले पण बोटं सुटेनात. म्हणे सोडा ना आजोबा. सोडले. त्यानं चाळून पाह्यले, नंबर पाह्यला, आपल्या प्रतीवर शिक्का मारला. म्हटलं हेच कोर्ट ना? म्हणे हो. म्हटलं माह्या घराचंच ना? म्हणे आजोबा, नंबर तोच आहे. म्हटलं तरी एकदा पाहा. पाह्यलं बिचाऱ्यानं परत. मंग मी तिथीच पायरीवर बसलो, पाय लांब केले. ज्या पायानं नागपूर ओढलं, ते पाय.

सून म्हणते मामाजी, बाईचं ऐकून घेतलं असतं तं? मी म्हणतो चूक कोर्टाची, त्यानं जागेवर राहायले पाहिजे. ती म्हणते बरं. केस सुरू आहे अजून. जबाब पोचला म्हणजे घर वाचलं असं नाही, हे वकीलबाईनं सांगितलं, यावेळी मी पूर्ण ऐकलं. पण आता जे होईन ते आमचं ऐकून होईन. बुढीनं गाठोड्यातून एकच फोटो परत टांगला, पोराच्या लग्नाचा. बाकीचे दाराजवळच आहेत. मी म्हणत नाही टांग म्हणून.

आन एक सांगतो, हसू नका. दर तारखेच्या आदल्या दिवशी मी बसनं जातो, त्या गल्लीत जाऊन पाहून येतो, कोर्ट जागेवर आहे का. संत्रीवाली दुरूनच ओरडते, आहे बाबा, आहे, हललं नाही. तेव्हा कुठी मले जेवण जाते. तुमचं घर तुमच्या नावानं राहो, बाप्पा, आन तुमच्या दाराले असा कागद कधी न चिकटो.