दुसरा टेक, डावा हात

पुरवणी जबाब. वय ४७ वर्षे, धंदा : टीव्ही मालिकेची कंटिन्युइटी सांभाळणे, राहणार : स्टुडिओच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरचा मजला. पूर्ण नाव सहीत आहे. सेटवर सगळे मला वहीताई म्हणतात.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, राजघराणी आणि ड्रॅगन असलेल्या एका मोठ्या मालिकेत मी तीन वर्षांपासून कामाला आहे. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या दिवशी चित्रित होतो. आदल्या तुकड्यात मेणबत्ती किती जळली होती, पेला कोणत्या हातात होता, हे वहीत लिहून ठेवायचे आणि पुढच्या वेळी जुळवून घ्यायचे, हे माझे काम. ते डोळ्यांत तेल घालून करावे लागते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, याचा मला परवापर्यंत अभिमान होता.

मयत हे म्हाताऱ्या राजाचे काम करत. वय अडुसष्ट. चहावाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे त्यांना महाराज म्हणत. परवा राजाच्या मृत्यूचा भाग होता. दरबारात सख्खा पुतण्या विषाचा पेला देतो, राजा तो पितो, उजव्या हाताने सिंहासनाचा दांडा धरतो आणि घसरून खाली येतो. मग खिडकीतून ड्रॅगन आत शिरतो. ड्रॅगन नंतर संगणकावर घालतात, त्यामुळे खिडकीत नुसता हिरवा पडदा होता.

पहिला टेक दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी झाला. दिग्दर्शक खूश होते. मी हात वर केला. राजाच्या झग्याची गळ्याची कडी उघडी होती आणि आदल्या दिवशी ती लावलेली होती. झगा अकरा किलोचा आहे.

महाराज म्हणाले, "वहीताई, गळ्याशी आवळतंय गं. नाकापेक्षा मोती जड झालाय. राहू दे उघडी, कोण बघतंय?"

मी म्हणाले, "मी बघतेय ना महाराज. पंधरा मिनिटं सोसा, मग कायमचे सुटलात."

सगळे हसले. महाराजही हसले. कडी मी माझ्या हाताने लावली. त्यांची मान घामाने ओली होती. मला वाटले, दिव्यांमुळे. मी मेकअपवाल्याला पुसून घ्यायला सांगितले.

दुसरा टेक ३ वाजून ३२ मिनिटांनी सुरू झाला. पेला पिऊन झाल्यावर उजवा हात दांड्यावर गेलाच नाही. डावा हात गळ्याशी गेला आणि कडी चाचपू लागला. बाकीच्यांना तो अभिनय वाटला, त्यांचा दोष नाही. असे ठरलेले नव्हते हे मला माहीत होते, कारण पहिला टेक माझ्या वहीत होता. मी मान खाली घातली आणि लिहिले : "डावा हात. चूक. पुन्हा घेणे." वर पाहिले तेव्हा ते सिंहासनाच्या पायऱ्यांवर पडलेले होते.

दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत कोणी आवाज करायचा नाही असा सेटवर नियम आहे. पण माणसाला काही होत असेल तर ओरडायला मनाई नाही. ते पडल्यावरही कॅमेरा एक मिनिट पन्नास सेकंद चालू होता. कट झाल्यावर टाळ्या वाजल्या. लाइटवाला म्हणाला, "महाराज, उठा की आता." ते उठले नाहीत. कडी मीच काढली. ती घट्ट आहे, दोन्ही हात लागतात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले. थोडे आधी कळले असते तर, असे मी विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी दिलेल्या जबाबात "मला काही वेगळे दिसले नाही" असे मी सांगितले होते. ते खोटे आहे.

काल महाराजांची मुलगी त्यांचा चष्मा आणि चपला न्यायला आली. तिने मला विचारले, "मावशी, बाबांना त्रास होतोय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही का?" मी म्हणाले, "नाही गं, कुणाच्याच नाही." ती म्हणाली, "मग बाबांनी कामच तेवढं छान केलं असणार." त्यानंतर मला घरात बसवेना, म्हणून आज स्वतःहून आले आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला फार पश्चात्ताप होतो. वही हजर केली आहे, पान ४१ पाहावे. ते फाडावे असे मला दोनदा वाटले होते. हा जबाब मुलीला दाखवावा, एवढी विनंती आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी 'उजवा हात गळ्याशी गेला' असे लिहिले गेले होते. मी त्यांना तिथेच थांबवले आणि 'डावा' करून घेतले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.