चौथा बगळा

आमी तांड्यावरचे. पुसदच्या आत डोंगराच्या अंगाले आमचा तांडा. आजे-पणजे बैलायच्या पाठीवर मीठ, दाणे लादून मुलूखभर फिरत, मंग ते बंद पडलं न माह्या बाच्या वाट्याले खडकाचं वावर आलं. याडी, म्हंजे माही माय, म्हणे आपल्या पायाले चाकं हायेत पोरी, आपण एका जागी टिकत नाही. अन् मी पाहा, यवतमाळच्या एका फौंड्रीत चोवीस वर्षं टिकली.

फौंड्री म्हंजे बीड ओतायचा कारखाना. बीड म्हंजे ओतीव लोखंड, त्याचेच पंप, त्याचेच जिनिंगच्या मशीनचे भाग. वाळूत साचा करा, लाल बीड ओता, थंडं झालं की वाळू फोडा. मी आली तवा बायायले दोनच कामं होती, वाळू चाळा न भंगार घनानं फोडा. बाईनं घन उचललेला चाले, साच्याले हात लावलेला चालत नव्हता, असा कायदा कोणी केला ते काही कोणी सांगे ना. तो मोडला कादरचाचानं. चाचा आमचे हेडमिस्त्री. एक दिवस साचेवाला आला नाही तं चाचा म्हणे ए पुतळा, पुतळा माहंच नाव, इधर आ, बारा साल से देख रही है, अब करके दिखा. म्या केलं. तवापासून मी साचेवाली, पण भंगाराचा ट्रक आला की घनही माह्याच हाती.

तं मागच्या हिवाळ्यात असाच ट्रक आला, अन् काय सांगू तुमाले, त्यात कारंजं. अख्खं बिडाचं, एका जुन्या बागेतलं, इंग्रजाच्या जमान्यातलं. एकावर एक तीन पराती, वरच्या परातीभवती बगळे, चोचीतून पाणी पडे म्हणतात. बगळे चार पाह्यजे, होते तीन, चौथ्याची जागा रिकामी. बागेवाल्यायनं मोडकं म्हणून विकून टाकलं. शेठ म्हणे फोडा, उद्या भट्टीत टाकू.

म्या घन उचलला न एका बगळ्याच्या पंखाखाली नजर गेली. तिथं अंगठा होता. खरंच अंगठा, लोखंडात उठलेला. आमाले ते लगेच समजते, ओल्या वाळूत कोणाचा तरी अंगठा रुतला असन, त्यानं पुसला नसन, बिडानं तो धरून ठेवला. कारंज्याच्या बुडाशी दान देणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं मोठ्या अक्षरात, करणाऱ्याचा एवढा अंगठाच. तो विलायतेतला असो का कुठला, माणूस माह्याच जातीचा, वाळूत बसणाऱ्या जातीचा. म्या घन खाली ठेवला.

शेठ म्हणे काय झालं, मुहूर्त पाहून राह्यली काय. म्या म्हटलं शेठ, मी हे फोडत नाही. म्हणे दुसरी फोडन. म्या म्हटलं दुसरीले आधी मले बाजूले करा लागन. मागे साऱ्या बाया उभ्या, एकीनं घनाले हात लावला नाही. तेवढ्यात चाचा हळूच म्हणे शेठ, पंधरा दिन दे दो, ये बगला बना देगी. मी चाचाकडे पाह्यतच राह्यली, बगळा मी कुठं केलता कधी. शेठनं बागेवाल्यायले फोन लावला, ते म्हणे चारही बगळे असन अन् पाणी पडत असन तं आमी परत नेतो, तीन बगळ्यायचं लंगडं कारंजं नको. ठरलं मंग. पंधरा दिवसात बगळा, नाहीतर घन.

आता माही चूक ऐका. बीड थंडं होताना आटते, फुटाले एक सूत, म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा. आमच्याकडे सुतार लाकडाचा नमुना करते तो तेवढा मोठाच करते, आमी डोळे मिटून वाळूत दाबतो, आट त्याच्या डोक्यात, आमच्या नाही. म्या काय केलं, जुना बगळा सोडवला न तोच वाळूत दाबला. ओतला. बाप्पा, काय देखणा निघाला, पीस न पीस उठलेलं. मी नाचतच परातीवर नेऊन ठेवला, तं बोल्टाचे छेद जुळे ना. दोन फुटाचा बगळा, दोन सूत आखूड. दहा दिवस पाण्यात गेलते.

चाचा बिडी पेटवून हसून राह्यले होते. म्या म्हटलं तुमाले दिसत होतं? म्हणे पहले ही दिन. मंग बोलले काहून नाही? म्हणे मैं बोलता तो मेरा बगला होता. इतका राग आला का मी त्या दिवशी त्यायच्या हातचा चहा घेतला नाही.

पण रागानं डोकं चालते माहं. गणपती करणाऱ्याकडून जुन्या बगळ्याची प्लास्टरची नक्कल केली, छातीतून करवतीनं कापली, दोन सूत फाकवली, मधात मेण भरलं. मेणावर पिसं पाह्यजे, तं कांचळीवर, म्हंजे आमच्या चोळीवर, आरसे टाचायची सुई घेतली न एकेक पीस ओढलं. चाचा पाह्यत होते, आता हसत नव्हते. तेराव्या दिवशी सकाळी ओतलं. पाण्याची वाट पोकळ राहाले मानेपासून चोचीपर्यंत साच्यात वाळूची कांडी ठेवली होती. भीती चोचीची होती, कांडीभवती बारीक जागा, बीड तिथवर पोचायच्या आधी थिजते. चौदाव्या दिवशी वाळू फोडली न आधी चोच चाचपली. भरलेली होती, टोकापर्यंत. मी वाळूतच बसली, मले हसू आवरे ना.

बोल्ट शेठनं सोतानं आवळले. तीन बसले, चौथा अडला, शेठ माह्या तोंडाकडे पाहे, मी बोल्टाकडे. चाचा म्हणे सांस ले, बेटी. म्या हातोडीनं एक टिचकी दिली न तो बसला.

बागेत पाणी सोडलं तवा आमी साऱ्या बाया ट्रकात बसून गेलतो. तीन बगळ्यायनं धार सोडली. माहा नुसता खोकला, मंग काळी वाळू थुंकला, कांडीची मानेत राह्यलेली, उद्घाटनाले आलेल्या पाहुण्याच्या पांढऱ्या कपड्यावर. शेठ डोळे झाकून उभे. आमी बाया हसून हसून मेलो. अन् मंग धार आली, सरळ, चौघांत लांब. पोट्टे खाली वाकून पाणी अंगावर घ्याले लागले, कोणता नवा कोणता जुना कोणाले समजे ना.

आता काय, चाचा घरी बसले, डोळे गेले. साचे मीच करतो न दोन पोट्ट्यायले शिकवून राह्यली, लाकडाचा नमुना असो नसो, आट आधी पाठ करून घेतो. ट्रक आजही येते. परवा बिडाची जाळी आली, जुन्या हवेलीची असन, नवी पोट्टी घन घेऊन उभी होती पण मारत नव्हती. म्हणे मावशी, आधी तुमी पाहून घ्या. म्या खालून वरून हात फिरवला. त्यात वाचवाजोगं काही नव्हतं, कोपरे झिजलेले, तीन जागी तडा. म्या म्हटलं फोड, बाई, याचं काम झालं, याचा आता पंप होऊ दे, कोणाच्या तरी वावराले पाणी देवो.